देवाला दिलेला होकार

दोडामार्ग मागे पडलं आणि रस्ता लाल झाला. बसच्या काचेवर, सीटवर, माझ्या इस्त्रीच्या साडीवर, जिकडेतिकडे खाणीची माती. कोल्हापूरहून निघतानाच जिवाला घोर लागला होता. मावसबहीण सुलभा फोनवर एवढंच म्हणाली होती, "गो ताई, आयतवारी (रविवारी) ग्रामसभा आसा. तू माझ्या बाजूक नुसती येवन बस." घरातसुद्धा आवाज न चढवणारी ही बाई सभेत काय बोलणार, कपाळ!

डिचोलीत उतरून रिक्षा केली. मयेच्या तळ्याकाठी सहलीला आलेली मंडळी फोटो काढत होती. माझं कुठलं लक्ष लागायला! सुलभाचं सासर तिथून पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. चहाबरोबर उंडे (कडक कवचाचे गोल पाव) पुढे आले, पण एक घास जेमतेम खाऊ दिला तिने. हाताला धरून थेट कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) नेलं. डोंगरातून झर (झरा) येते आणि पाटाने झाडाझाडापाशी फिरते. ओंजळभर प्यायले, दात शिवशिवले.

"हेच्या वरसून खाणीच्या कंपनीक ट्रकांचो रस्तो होयो (हवा)," सुलभा म्हणाली. "डोंगर कापल्यार झर खय जातली? इचारल्यार म्हणतत, टँकर देतलो."

सासऱ्यांनी लावलेल्या पोफळींना टँकरचं पाणी! माझं डोकंच फिरलं.

रविवारी सभेआधी देवळात समारंभ होता. कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून नवा सभामंडप बांधून दिला होता. गुळगुळीत फरशी, मोठाले पंखे, आणि प्रत्येक खांबावर कंपनीचं नाव. गावातले सर्वांत वडीलधारे बाबलोकाका गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाला विनवणी. दर मागणीला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, अशी रीत. गुराढोरांचं झालं, पोराबाळांचं झालं. त्याच दमात काका म्हणाले, "कंपनीचो रस्तो सुखान पार पडू दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला. सुलभाही. आणि अहो, मीसुद्धा! तोंडून निघून गेल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

दुपारी पंचायतीच्या सभागृहात कंपनीचे साहेब हसतमुखाने उठले. "सकाळी देवासमोर अख्ख्या गावाने होकार दिलाच आहे. ठराव म्हणजे आता नुसता उपचार."

"कोणाचो विरोध आसा?" सरपंचबाईंनी विचारलं. देवापुढे काढलेला शब्द कोण मोडणार? बाबलोकाका जमिनीकडे बघत होते. मला खुर्चीत बसवेना. पण मी पाहुणी, मला बोलायचा हक्क नाही. शेवटी सुलभाला कोपराने ढोसलं.

ती उठली. पदराचं टोक मुठीत घट्ट. "सकाळी मी व्हय म्हटलंय. पण देवाक म्हटलंय, तुमका नाय." साहेब काही बोलणार, तोच तिने हात जोडले. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची तिथे रीत नाही. तिने घातलं. "बा देवा म्हाराजा! तुझ्या आंघोळीचा पाणी ह्या झरीचा, आमच्या पोफळींचा पाणी ह्या झरीचा. ती झर राख रे म्हाराजा!"

मग एकच थकलेला आवाज आला, "व्हय म्हाराजा." बाबलोकाकांचा! पाठोपाठ सगळं सभागृह 'व्हय म्हाराजा' म्हणत उठलं.

सरपंचबाई हुशार. "गाऱ्हाण्यावर ठराव होवचो नाय. रस्तो होयो त्येनी हात वर करा." दोनचार हात वर गेले, तेही अर्धेमुर्धे. ठराव पडला. साहेब फायली आवरत म्हणाले, "हरकत नाही, पुढच्या सभेत पुन्हा आणू." सुलभा मट्कन खुर्चीत बसली आणि माझा हात धरून रडायला लागली. मीही रडले, लपवायचं कशाला?

परतीच्या बसमध्ये झरीच्या पाण्याची बाटली मांडीवर होती आणि डोळा लागत नव्हता. पुढची सभा कधी, तेव्हा कोण उठेल, हेच डोक्यात.

घरी आले तर आमच्या सोसायटीची मीटिंग. अध्यक्ष नेहमीसारखे ठराव भरभर वाचून म्हणाले, "सगळ्यांना मान्य ना?" "मान्य, मान्य," चहूकडून आलं. माझाही 'मा' ओठांवर आला होता.

"थांबा हो," मी उभी राहिले. "काय मान्य, ते आधी सावकाश वाचा."