येनारा बसंल कुठं?

कोणाच्याही नव्या घरासमोर उभी राहिली की ती आधी दोन्ही हात कमरेवर ठेवायची, मान थोडी तिरकी करायची आणि विचारायची, "येनारा बसंल कुठं?" घर किती खोल्यांचं, फरशी कुठली, रंग कोणता, याच्याशी तिला काही देणंघेणं नसे. फाटकापासून दारापर्यंतची जागा तेवढी ती बघायची. तिथं बसायला काही नसलं तर तिच्या लेखी ते घर अजून बांधून व्हायचं होतं.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. रोजावर येते, काम करून जाते, आणि तिच्याबद्दल आपल्याला किती कमी माहिती आहे हे फार उशिरा ध्यानात येतं. ही रोह्याजवळच्या, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कातकरी वाडीवरची. वय साठीच्या आसपास, अंगानं काटकुळी, दातांना मिश्रीची काळी कड. मी तिला मावशी म्हणायचे. ती मला कधी बाय म्हणायची, कधी मास्तरीन.

मी रोह्यातल्या एका शाळेत शिकवते. नवरा कंपनीत, शिफ्टवर. सहा वर्षं भाड्याच्या खोलीत काढल्यावर आम्ही पुलापलीकडच्या अष्टमी गावात दोन खोल्यांचं बैठं घर घेतलं. आमचं पहिलं घर. पुढं पंधरा पावलं लांब, दहा पावलं रुंद मोकळी जागा. मी तिला कौतुकानं अंगण म्हणत होते, पण बांधकामवाल्यानं उरलंसुरलं सगळं तिथंच टाकलं होतं. फुटक्या विटा, लाद्यांचे तुकडे, सिमेंटची गोठलेली पोती, कडप्प्याची एक चिरलेली फळी. पहिला महिनाभर आम्ही खाली बघत, पाय सांभाळत घरात शिरायचो. पाहुण्यांना बोलवायची मला लाज वाटायची.

डेब्रिज उचलायला म्हणून ती एका दिवसासाठी आली. नवऱ्यानं मोबाईलमध्ये सुंदर सुंदर अंगणांचे फोटो जमवले होते. त्यानं ते तिला हौसेनं दाखवले. पांढरे गोटे, कुंडीतले दोन पाम आणि मधे हिरवंगार लॉन.

"ह्ये हिरवं काय?"

"लॉन, मावशी."

"म्हंजे गवत?"

"गवतच, पण चांगलं."

"वाढतं?"

"वाढतं ना. मग कापायचं."

तिनं घमेलं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून ती बराच वेळ हसली. "माझा जल्म गेला लोकांच्या भातातलं गवत काढन्यात. नि ह्यो बाबा इकत आनून लावतोय."

नवराही हसला. लॉनचा विषय तिथंच संपला.

एका दिवसाचं काम पंधरा दिवस चाललं. डेब्रिज उचलून न्यायचं सोडून तिनं ते वेगळं करायला घेतलं. अख्ख्या विटा एकीकडे, अर्ध्या दुसरीकडे, लाद्या तिसरीकडे. "फेकायचं नाय काय," म्हणाली. त्या विटा मातीत बसवून आणि वर ती चिरलेली कडप्प्याची फळी टाकून तिनं ओटा केला. मी म्हटलं, दाराजवळ करूया. ती नको म्हणाली.

"दारात बसवलास तर मानूस आत बगतो. मंग घरातली बाय अवघडते. फाटकाशी बसला तर रस्ता बगतो. त्याचा पन जीव रमतो."

ओट्याशेजारी नळ घ्यायला लावला. नळाचं पाणी जाईल तिथं कर्दळ. लाद्यांच्या तुकड्यांची वाट केली तीही किंचित वळवून. फाटक ते दार सरळ वाट तिला पसंत नव्हती. "ती दुकानाला. घरात जरा वळून जावं."

झाडं आणायला मी नर्सरीत निघाले होते. तिनं मला अडवलं आणि आळीतल्या घरांकडे बोट केलं. कोणाकडे डबल जास्वंद होती, कोणाकडे अनंताचं झाड, कोपऱ्यावरच्या निवृत्त एसटी कंडक्टरकाकांकडे अबोलीचा ताटवा. या लोकांशी मी तोवर एक शब्द बोलले नव्हते.

"तुम्हीच मागा ना मावशी, तुम्हाला सगळे ओळखतात."

"मी मागितलं तर कामाची बाय म्हनून देतील नि वर काम सांगतील. तू माग. तू ऱ्हानार हायस हितं."

दोन संध्याकाळी मी तिच्याबरोबर दारोदार फिरले. ती फाटकाबाहेर उभी राहायची, मी आत जायचे. फांद्या मिळाल्या, आणि त्याहून जास्त चहा मिळाला. पावसाळा सरेपर्यंत जास्वंदीनं कुंपण धरलं, अबोली ओट्याच्या पायाशी पसरली. कंडक्टरकाका रोज सकाळी येऊन ओट्यावर बसायला लागले. आपली अबोली नीट आहे का बघायला येतो म्हणायचे, आणि पेपर वाचून जायचे. सासूबाई पेणहून पापडांचा डबा घेऊन आल्या त्या तासभर ओट्यावरच बसल्या. घरात चला म्हटलं तर म्हणाल्या, "थांब गं, इथं बरं वाटतंय."

ती आठवड्यातून एकदा यायची. तण काढायची, झाडांना आळी करायची. आणि आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला जड जातंय.

तिच्या चहाचा पेला वेगळा होता. मला कोणी सांगितलं नव्हतं, सासूबाईंनी तर नाहीच. मीच पहिल्या दिवशी एक जुना स्टीलचा पेला काढला आणि नंतर तो बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर राहायला लागला. चहा पिऊन झाला की ती तो नळावर धुवायची आणि कट्ट्यावर उपडा घालायची. वर्गात मी मुलांना समतेचा धडा शिकवत होते आणि घरी तो पेला रोज डोळ्यांसमोर असून मला दिसत नव्हता.

ती ओट्यावर बसतही नव्हती. भाकरी खायला फाटकाबाहेर, गटाराच्या कडेच्या दगडावर बसायची. मी एकदा म्हटलं, "इथं बसा ना." ती म्हणाली, "हितं वारा लागतो." आणि मला ते पटलं. पटवून घेणं सोयीचं होतं.

मग ती दोन-तीन आठवडे आलीच नाही. एका रविवारी मी चौकशी करत तिच्या वाडीवर गेले. कुडाच्या भिंतींचं, कौलं आणि प्लास्टिकचं तिचं झोपडं. पण पुढचं अंगण बघून मी थबकले. सारवलेलं, एक पान पडलेलं नाही. तेलाच्या डब्यांतून झेंडू. करंजाच्या झाडाखाली एक मोठा सपाट दगड, इतका गुळगुळीत की त्यावर कित्येक वर्षं माणसं बसत आली असणार.

ती तापातून उठली होती. मला बघून तिची धांदल उडाली. दगड पदरानं पुसून तिनं मला बसवलं, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. तांब्या माझ्यापुढं धरला आणि हात तसाच ठेवून विचारलं, "चालंल ना गो पानी?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. मी तांब्या घेतला आणि पाणी प्यायले. तिच्याकडे बघायचं धाडस मात्र झालं नाही.

थोड्या वेळानं तिनंच सांगितलं की वाडीची जागा मालकानं प्लॉट पाडायला विकली होती. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळ्यांनी उठायचं होतं.

"मग हे झेंडू आता कशाला लावलेत?"

"ऱ्हायचं तवर दार बरं दिसाया नको?"

घरी आल्यावर मी तो पेला आत नेला आणि आमच्या भांड्यांत ठेवला. पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा दोन कपांत चहा घेऊन मी ओट्यावर बसले आणि शेजारी तिचा कप ठेवला. तिनं कपाकडे पाहिलं, मग खिडकीच्या कट्ट्याकडे.

"प्याला कुठंय?"

"आत."

"बरं," ती म्हणाली. हात धुऊन आली आणि ओट्याच्या अगदी टोकाला, अर्धी टेकून बसली. आम्ही त्या दिवशी यावर बोललो नाही आणि पुढंही कधी बोललो नाही. मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

माफीऐवजी मी वाडीच्या जागेसाठी अर्ज लिहिले. वाडीतल्या बायकांबरोबर शाळा सुटल्यावर कचेरीत जायचे, कागद बघायचे, कुठला दाखला कमी आहे ते शोधायचे. ती प्रत्येक वेळी यायची, स्वच्छ लुगडं नेसून, आणि कचेरीच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहायची. एकदा तिथला शिपाई म्हणाला, "आजी, उभं राहून काय होणार?" ती शांतपणे म्हणाली, "बसाया ठेवलंय का तुमी काय?" त्यानं आतून एक बाक आणून दिलं. ते बाक पुढं तिथंच राहिलं.

दीड वर्ष गेलं. जुनी जागा वाचली नाही. एका सकाळी करंज तोडला गेला, ते तिनं मला आठ दिवसांनी सांगितलं, तेही सहज बोलता बोलता. पण वाडीला वरच्या अंगाला जागा मिळाली, आणि घरकुलं मंजूर झाली. तिच्या आयुष्यातलं पहिलं पक्कं घर. एक खोली, सिमेंटच्या भिंती, आणि पुढं नुसता मुरमाचा उघडाबोडका उतार.

मी आमच्या अंगणातल्या जास्वंदीच्या फांद्या, कर्दळीचे कंद आणि अबोलीची रोपं पिशवीत घालून गेले. ती उंबऱ्यावर बसली होती. गुडघे दुखायला लागले होते, पहार उचलवत नव्हती.

"आन हिकडं, मी खणते," मी म्हटलं. तिच्याच बोलीत बोलायला गेले आणि ती हसली.

मी मुरूम खणला. दोन खड्ड्यांत हाताला फोड आले. ती उंबऱ्यावरून बोट दाखवत होती. "हितं नाय, पानी अडंल. जरा वर. अजून खोल. मुलांना मारतीस तवा येतो ना जोर?"

"मी मारत नाही मुलांना."

"मंग बरोबर. म्हनून खड्डा उथळ हाय."

तिच्या सुनेनं चहा आणला. मावशी उंबऱ्यावर बसून फुंकर मारत चहा प्यायली आणि मी खणत राहिले. तासाभरात सहा रोपं लागली. ती उठून एकेका रोपाशी गेली, पायानं माती दाबली, आणि दोन रोपं मी चुकीची लावली म्हणून उपटून पुन्हा लावायला लावली.

त्यानंतर मी महिन्या-दोन महिन्यांनी जात राहिले. उतारावर हळूहळू हिरवं दिसायला लागलं. शेजारच्या घरकुलांपुढंही जास्वंदी दिसल्या. त्या फांद्या कुठून गेल्या हे विचारायची गरज नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. सुनेनं फोनवर सांगितलं, सगळं आटोपल्यावर. झोपेतच गेली म्हणाली.

त्याच्या दहा-बारा दिवस आधी मी वाडीवर गेले होते. दुपारचे तीन वाजले असतील. ती अंगणात चटई टाकून झोपली होती, एका कुशीवर, हात उशाला, तोंड किंचित उघडं. इतक्या वर्षांत दिवसा झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. घरकुलाची सावली तिच्या पायांपर्यंत आली होती आणि एक कोंबडी चटईच्या कडेनं काहीतरी टिपत होती.

सून हळूच म्हणाली, "उठवू का बाई?"

मी मानेनंच नको म्हटलं. थोडा वेळ तिथं बसले, आणि फाटक नसलेल्या त्या अंगणातून पावलं न वाजवता बाहेर पडले.