रक्तचंदनाची एकच बाहुली

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी सप्तापूरच्या घरी डाळ घोटत होते. मळमड्डीला त्यांच्याजवळ राहणारा माझा मुलगा म्हणाला, "आई, आत्या झोपेतच गेली." मी विचारलं, "चहा झाला होता का तिचा?" अशा वेळी माणूस काय बोलेल, नेम नाही. त्याला महिना होऊन गेला, तरी तो प्रश्न आठवला की मी स्वतःवरच हसते... आणि मग रडते.

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लाकूड ओळखणं ही त्यांची नोकरी. चोरून तोडलेलं शिसम, चंदन, रक्तचंदन पकडलं की त्यातला तुकडा मोहोरबंद होऊन त्यांच्या प्रयोगशाळेत यायचा. पान नाही, फूल नाही, नुसती ढलपी. व्यापाऱ्याच्या कागदावर 'जळाऊ लाकूड' लिहिलेलं असायचं. अक्का ब्लेडनं पापुद्रा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या आणि झाडाचं नाव सांगायच्या. मी नवी नवरी होते तेव्हा त्यांनी माझ्या हातात रक्तचंदनाचा तुकडा दिला होता. मी बी.ए., त्यातून नाकावर भारी विश्वास. हुंगला आणि ऐटीत निकाल दिला, "खोटा आहे. चंदनाचा वास कुठाय?" अक्का म्हणाल्या, "शालू, चंदन ह्याच्या नावात आहे, लाकडात नाही. हे बिबळा नावाच्या झाडाच्या घराण्यातलं." त्यानंतर कित्येक दिवस आमटी वाढताना विचारायच्या, "हुंगून सांग गं, मीठ पडलंय का?"

तेव्हा आम्ही सगळे मळमड्डीलाच एकत्र राहायचो. तिथल्या आमच्या गल्लीत एल्लव्वा रक्तचंदनाच्या बाहुल्या विकायला यायची. गालगुंड आलं, पाय मुरगळला, की सहाणेवर बाहुली उगाळून लेप लावायचा, हे घरोघरी चालायचं. तिच्याकडच्या बाहुल्या मीही घेतल्या होत्या. एकदा अळणावर गावाच्या नाक्यावर जंगलखात्यानं तिचं पोतं पकडलं. लाल लाकडाचे ठोकळे, बाहुल्या, आणि तिच्या कनवटीची आजीपासूनची झिजलेली बाहुलीसुद्धा. लाकूड रक्तचंदन ठरलं तर तुरुंग. नमुने आले ते नेमके अक्कांच्या टेबलावर.

जामिनावर सुटल्याबरोबर बाई मळमड्डीच्या दारात हजर. साक्ष देणाऱ्यानं आरोपीशी बोलू नये, म्हणून अक्का आतल्या खोलीत गेल्या आणि मला म्हणाल्या, "सांग, घरी नाहीत."

"घरी नाहीत," मी म्हटलं.

"मग आत खोकतंय कोण, बाई?" एल्लव्वा पायरीवर बसली. मला वाटलं, आता सोडवा म्हणून गळा काढेल. तर म्हणाली, "अक्कांना सांगा, माझा माल खोटा लिहू नका. निज ऐत्री! खरं आहे, खरं रक्तचंदन!"

"अगं, खरं ठरलं तर आत जाशील ना!"

"आणि खोटं ठरलं तर ह्या गल्लीत कुठल्या तोंडानं येऊ?"

आत खोकला थांबला होता.

अक्कांनी आपलं काम केलं. ठोकळ्यांचा भुगा गार पाण्यात टाकला, पाणी लालभडक झालं. खरं रक्तचंदन असा रंग पाण्याला देत नाही, स्पिरिटला देतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सगळी रंगवलेली बाभूळ. फक्त कनवटीची बाहुली खरी निघाली. हे त्यांनी मला निकालानंतर सांगितलं. मी म्हटलं, "एवढीशी ती, अहवालातून गाळायची की! बिचारी कशाला अडकवायची?" अक्का म्हणाल्या, "ती गाळली असती, तर बाकीची बाभूळ कोणी खरी मानली असती?" कोर्टानं झिजलेली बाहुली घरातली जुनी वस्तू मानून परत दिली, एल्लव्वाला सोडलं. ती आमच्या गल्लीत पुन्हा फिरकली नाही. मी मात्र घरातल्या मुलांच्या गालांना वर्षानुवर्षं बाभूळ चोपडली होती, आणि गालगुंड दर वेळी उतरलं होतं. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "ते आपोआपच उतरतं गं."

गेल्या आठवड्यात मी अक्कांची खोली आवरत होते, तर दारात एल्लव्वा, हातात पिशवी. म्हातारी झालीय, माझ्यासारखीच. टेबलापाशी उभी राहिली, कनवटीची बाहुली काढली. म्हणाली, "त्यांना ह्यात काय दिसलं, मला बघायचंय." मी अक्कांचं भिंग दिलं, बाहुलीचा कापलेला तळ खिडकीकडे धरायला सांगितलं. तिनं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"बारीक भोकं दिसतात."

"तीच."

"ह्या भोकांनी मला सोडवलं?"

"नाही गं, भोकांनी अडकवलं असतं. सोडवलं ते बाभळीनं."

एल्लव्वा पोट धरून हसली. "म्हणजे अक्का खरं बोलल्या म्हणून माझं खोटं कामाला आलं!" तिनं डोळे पुसले, भिंग पदरानं स्वच्छ करून टेबलावर ठेवलं, आणि बाहुली परत कनवटीला लावली. मी विचारलं, "पिशवीत विकायच्या बाहुल्या आहेत का?" तर म्हणाली, "आहेत. पण ह्या घराला नाही विकणार."