देवरावचं नाव

बायकोले नाई, पोराले नाई, कोनालेच हे सांगतलं नाई मी. तुमी ऐकून घेता म्हून सांगतो. मधातच थांबलो तं थांबू द्या.

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळानंतरची गोष्ट. मंगरूळपीरले स्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मालकाले आमी उस्ताद म्हनू. हाताखाली आमी दोघं — मी अन देवराव. तो बौद्धपुऱ्यातला. गड्याचा हात लय हलका. मी त्याच्यावर जळत होतो — आता लपवून काय करता?

रेडिओत ऑसिलेटर असते. ते चालू झालं तं स्टेशन लागते, नाई तं निरा खरखर. त्याच्या तारीच्या गुंडाळीत एक नाजूक कोर असते, ते फिरवून स्टेशन जाग्यावर आनतात. उस्तादाचा दंडक होता — कोरले लोखंड लावाचं नाई, बांबूच्या चपट्या काडीनं, कामचीनंच फिरवाचं. कामच्या देवरावच घासून देत जाय. त्या दिवशी मायी कामची मोडली. त्याच्यापाशी दुसरी होती. पन त्याले मागाची? मी? लोखंडी पेचकस घातला, जोर लावला — अन आत कायतरी कट्कन वाजलं.

रेडिओ धनजच्या मास्तरांचा. आदल्या दिवशी देवरावनं मस्त लावून ठेवला होता; त्याच्याहून बरा लावून दाखवतो, म्हून मी तो पुन्हा उघडला होता. आता नुसती खरखर. उस्ताद दुपारभर त्याच्यापाशी बसले. सेल बदलले, ट्रान्झिस्टर बदलला, सोल्डरचे टाके पुन्हा मारले — ऑसिलेटर काई उठे ना. मी बाजूले बसून पाहत राह्यलो. शेवटी त्याइनं गुंडाळीची डबी उघडली. आतली केसावानी तार तुटलेली.

"याले कोनं हात लावला बे?"

"देवरावनं," मी म्हनलो.

काहून म्हनलो? घाबरलो होतो, ते खरंच. पन एवढंच नाई ना. त्याचं नाव घेतलं तं कोनी पलटून विचारनार नाई, हे मले ठाऊक होतं. मी उस्तादाच्या जातीचा — तो नोव्हता. अन कोनी विचारलंही नाई. देवराव म्हने, "उस्ताद, म्या तं कामचीनंच..." अन त्या तुटक्या तारीकडे पाहाले लागला. दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात आला नाई.

लय वर्सानं मालेगावच्या स्टँडवर भेटला. गवंड्याच्या हाताखाली काम करून राह्यला होता. मले पाहून खुश झाला, हाताले धरून चहाले नेलं. रेडिओचं काम काहून सोडलं, म्हून विचारलं मी. हसला.

"अबे, मायाच हात जड पडला असंन. मास्तरांचा रेडिओ म्याच बिघडवला ना? तवापासून रेडिओ उघडाची हिंमतच होत नाई. तुया राग नाई मले, तू काय खोटं थोडीच बोलला?"

म्हंजे मायं खोटं त्यानं खरं मानलं होतं! काम तं गेलंच — पन त्याचा त्याच्याच हातावरचा भरोसा मी नेला. कप हातात होता, तो समोर होता. सांगाले कोन अडवत होतं मले? कोनीच नाई.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला अन म्हनलो, "होते गड्या असं. चुकी कोनाची होत नाई?"

त्याले बरं वाटलं. तोंडावर दिसलं त्याच्या.