लॅपटॉप फुटला, शब्दकोश नाही

मैत्रिणींनो, डाव्या हाताने टाइप करतेय, चुका चालवून घ्या.

आज दुपारी माझ्या नवऱ्याने माझा लॅपटॉप फरशीवर आपटला. एकदा नाही, तीनदा. मी अडवायला गेले तर माझं उजवं मनगट पिरगळलं. "फुकटात कोणासाठी राबतेस गं? संपलं आता तुझं!" असं ओरडत होता.

चार वर्षं मी मालवणी शब्दकोशाचं अ‍ॅप करतेय. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. त्याला वाटलं, ती चारही वर्षं त्या डब्यात आहेत.

रिक्षा पकडून मुलुंडहून घाटकोपरला बहिणीकडे आले. सायली म्हणाली, "आधी पोलिसांत चल."

म्हटलं, "आधी तुझा लॅपटॉप दे."

इंटरनेटवर ठेवलेली प्रोजेक्टची प्रत उतरवून घेणारी, गिट क्लोनची एक ओळ टाइप केली. दोन मिनिटांत अख्खा प्रोजेक्ट उतरला. नुसता कोड नाही, चार वर्षांत मी केलेला प्रत्येक बदल, तारखेसकट, माझ्या नावाने.

सायलीने विचारलं, "मग त्याने फोडलं काय?"

"डबा."

फक्त आज सकाळचे सहा शब्द वर चढवायचे राहिले होते, ते गेले. ते मी परत लिहीन.

तक्रार देऊन आत्ताच पोलीस ठाण्यातून बाहेर पडलो, तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "अगो, एका लॅपटॉपासाठी कोण घर सोडता काय?"

मनगटाचं त्यांनी विचारलंच नाही. खरं सांगा, तुमच्या घरी आधी कशाचं विचारलं असतं?