बिबड्यांच्या शेजारी वाळलेला ड्रम

“ड्रम कुठंय?” मी विचारलं. शिरपूरला तहसीलसमोरच्या दुकानात झेरॉक्सचं मशीन पोट उघडं टाकून पडलं होतं. मी जळगावचा मेकॅनिक. फोन आला म्हणून चोपड्यामार्गे मोटारसायकल हाणत आलो. ऊन असं, की वाटेत माझी सावली गाडीवरून उतरून लिंबाखाली थांबली.

“गच्चीवर,” दुकानदार आबा म्हणाले. “ओल्या फडक्यानं पुसला. आमच्या अक्कानं ज्वारीचे पापड, बिबडे घातलेत, त्यांच्या शेजारी ठेवलाय वाळायला.”

मी जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढलो.

ड्रम म्हणजे मशीनमधली निळसर नळी. अंधारात तिच्यावर विजेचा भार बसतो. कोऱ्या कागदाचा उजेड पडतो तिथला भार उतरतो, अक्षरांच्या जागी राहतो, आणि तिथंच काळी पावडर चिकटते. तिला ट्यूबलाइटही फार वेळ दाखवायची नसते. आबांनी वैशाखातला सूर्य दाखवला होता.

खाली सुमनबाई उभी. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून वनपट्ट्याच्या दाव्याचे कागद घेऊन आलेली. दुसरा झेरॉक्सवाला लग्नाला गेलेला.

“भाऊ, पाचना आत कागद नही दिधा ते मनी जमीन गयी.”

ड्रम गोधडीत गुंडाळून गव्हाच्या कोठीत ठेवला. अंधारात पडून राहिला तर थोडा शुद्धीवर येतो.

“आयसीयू का?” आबा.

“बाळंतीण समजा. झाकण उघडू नका.”

मग ड्रम मशीनमध्ये बसवला, साडेचारला प्रती निघाल्या. धुळीच्या वादळात काढल्यासारख्या, पण वाचता येत होत्या. आम्ही तहसीलात धावलो. क्लार्कनं नाक मुरडलं, कागद घेतले, पोच लिहिली. “हिची एक झेरॉक्स ऑफिसला द्या.”

“तुमच्याच पोचेची?”

“त्याशिवाय दावा दाखल होत नाही.”

परत धावलो. ड्रमनं कोरी पौर्णिमा छापली आणि प्राण सोडला. पाचला दहा कमी.

सुमनबाईनं क्लार्कच्या टेबलासमोर बैठक मारली. “मी आठेथीन हालाव नही.”

क्लार्कला कुलूप लावायचं होतं. शेवटी त्यानं स्वतःच पोचेची नक्कल उतरवली, सही ठोकली, दुखरी बोटं मोडली. दावा दाखल झाला.

झेरॉक्सचा शोध लावणारा माणूसही एका कंपनीच्या पेटंट खात्यात कागदच खरडायचा. नकलांच्या कामानं त्याचा हात दुखायचा. त्यानं स्वयंपाकघरात गंधक वितळवून घरभर घाण वास केला, कंपन्यांच्या दारातून हात हलवत परतला, पण युक्ती काढली. हात सगळ्यांचे सारखेच दुखतात, उपाय ज्याचा त्याचा.

आमच्या क्लार्कनंही काढला. दुसऱ्या दिवशी आबांनी फोनवर तहसीलच्या खिडकीवरची नोटीस वाचून दाखवली: पोचेच्या दोन झेरॉक्स द्याव्यात. हाताने केलेली नक्कल चालणार नाही.