एका रात्रीचं माणूस

आमची वहिनी हॉस्पिटलमधल्या सिस्टरांच्या पाळ्या लावते, संगणकावर. रात्रपाळीनंतर लगेच सकाळ द्यायची नाही, मुलांचा वॉर्ड सरावाच्या हातांशिवाय सोडायचा नाही, आणि रजा तर सगळ्यांना एकाच आठवड्यात हवी. एकेक शक्यता तपासत बसलं तर यंत्राचाही जन्म अपुरा पडेल.

त्या महिन्यात एक नवी सिस्टर तिच्याकडे आली. नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं, घरी दुसरं कुणी नाही. "रात्रपाळी तेवढी नको, ताई."

"बघते," वहिनी म्हणाली. जमलं नाही तर कात्री आधी नवीन माणसाच्या मागणीला लागते, हे दोघी जाणून होत्या.

वहिनीची रीत अशी: आधी घाईघाईत एक ओबडधोबड पत्रक उभं करायचं. मग त्यातला एखादाच आठवडा मोडायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही, आणि तेवढ्या तुकड्याच्या सगळ्या शक्यता यंत्राकडून पिंजून घ्यायच्या. मग दुसरा तुकडा. या खेपेस कितीही मोडलं तरी एका रात्री एक माणूस कमीच पडत होतं.

तेव्हा तिनं शोधणं थांबवलं आणि दुसरंच तंत्र जोडीला घेतलं. ते उत्तर शोधत नाही. कुठल्या अटी एकत्र नांदूच शकत नाहीत, तेवढ्या वेगळ्या काढतं.

"जमत का नाही, हे आधी विचारायचं," तिनं मला समजावलं.

"माझ्याशी भांडतानाही हेच करते," दादा आतून म्हणाला.

शेकडो अटींतून एकमेकींशी न जुळणाऱ्या चारच उरल्या; त्यांत नव्या सिस्टरची मागणीही होती. चौथी वहिनीनं दोनदा वाचली. सिस्टरांच्या प्रमुख मेट्रनबाई रात्री येत नाहीत, ही अट कुणीच घातली नव्हती. सवयीनं तिनंच ती पक्की धरली होती.

दुपारी ती मेट्रनबाईंसमोर उभी राहिली. "चार अटी एकमेकींचा गळा धरून बसल्यात, बाई. एक तुमची आहे. तुम्ही रात्री येत नाही."

"असं मी कधी म्हणाले?"

"नाही म्हणालात. मीच विचारलं नव्हतं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुझं यंत्र भलतंच तोंडाळ आहे गं."

"यंत्र मुकं आहे. तोंड माझं."

"लाव मग मला. एकच रात्र हं."

वहिनीनं ती अट सैल करून पत्रक पुन्हा चालवलं, कारण एक माणूस हललं की दहा हलतात. सगळे पत्रकात बसले. तिनं आधी नव्या सिस्टरला फोन केला. पलीकडे मागून पुरुषाचा थकलेला आवाज आला, काय झालं म्हणून.

"काही नाही," सिस्टर त्याला म्हणाली, "रात्री मी घरी आहे."