बँकेच्या दारातली बंदूक

आमच्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतात ते काका फौजेतून निवृत्त झालेले. काल ते मॅनेजरसाहेबांना हळूच म्हणाले, “साहेब, बिनबंदुकीचं काही काम द्या. हल्ली मनात भलतंसलतं येतं.”

साहेब हसले. “फौजी माणूस तुम्ही, आणि बंदुकीला घाबरता?” आमची रांगही हसली.

वैताग आला मला. माणूस फौजेतून परतला की आपण गळ्यात हार घालतो, खांद्यावर पुन्हा बंदूक देतो, आणि झोप लागते का, एवढं मात्र विचारत नाही. उद्या त्यांनी जिवाचं बरंवाईट केलं, तर हीच रांग हळहळेल, ‘एका शब्दाने काही बोलले नाहीत हो.’ अहो, मग आत्ता काय केलं त्यांनी?

मी रांग सोडून साहेबांकडे गेलो. म्हटलं, “ती बंदूक आधी आत ठेवून घ्या. हसायचं नंतर बघू.”